स्टिकरवर न लिहिलेलं नाव

एएमडीचे लॅपटॉप प्रोसेसर रायझन ५ ७५२०यू, ७५३०यू, ७५३५यू आणि ७५४०यू. हे चार आकडे एकाखाली एक लिहिले की कुणालाही वाटेल, एकाच प्रोसेसरच्या या चार पायऱ्या आहेत. पहिली जरा स्वस्त, शेवटची जरा वेगवान. प्रत्यक्षात त्या चार वेगळ्या चिप्स आहेत. पहिलीचं सांकेतिक नाव (चिप घडताना कंपनी आतल्या आत वापरते ते) मेंडोसिनो, दुसरीचं बार्सेलो-आर, तिसरीचं रेम्ब्रँट-आर, चौथीचं फीनिक्स. मेंडोसिनोत झेन २ जातीचे चार कोर (हिशेब करणारे स्वतंत्र भाग) आहेत, म्हणजे मूळ आराखडा २०१९ चा. एल३ कॅश (चिपवरची जलद साठवण) ४ एमबी आणि ग्राफिक्सची कम्प्यूट युनिटं फक्त दोन. बार्सेलोत झेन ३ चे सहा कोर आणि १६ एमबी कॅश, पण ग्राफिक्स जुनंच, वेगा घडणीचं. रेम्ब्रँटमध्ये झेन ३+ आणि आरडीएनए २ ग्राफिक्स. फीनिक्समध्ये झेन ४, आरडीएनए ३ आणि ४ नॅनोमीटरची प्रक्रिया. सगळ्यांवर स्टिकर मात्र ‘रायझन ५’चंच.

एएमडीने सप्टेंबर २०२२ मध्ये या आकड्यांची किल्ली स्वतःच जाहीर केली होती. पहिला अंक वर्षाचा, ७ म्हणजे २०२३. दुसरा दर्जाचा. तिसरा कोरच्या पिढीचा. चौथा त्याच पिढीतला वरचा की खालचा हे सांगणारा. म्हणजे सगळ्यात मोलाची माहिती तिसऱ्या अंकात, आणि गिऱ्हाईक वाचतं पहिला. ज्याला किल्ली माहीत आहे त्याची फसगत होत नाही, पण ती गिऱ्हाइकाला माहीत असेल असं धरून चालणं मला पटत नाही.

मेंडोसिनो वाईट चिप आहे असं मात्र मी म्हणणार नाही. जुना कोर ६ नॅनोमीटरवर नव्याने आखून, शेजारी एलपीडीडीआर५ रॅम देऊन, कमी किमतीच्या लॅपटॉपला दिवसभर बॅटरी पुरावी एवढ्यासाठी ती बनवली होती. टायपिंग, बँकेची कामं, मुलांचे ऑनलाइन वर्ग यांना ती पुरते. अडचण आहे ती रॅमची. एलपीडीडीआर५ मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते, त्यामुळे ८ जीबीचा लॅपटॉप घेतला की तो कायमचा ८ जीबीचा. ७५३०यूच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये निदान एक स्लॉट मोकळा मिळतो, आणि त्यात दुसरी पट्टी टाकली की ग्राफिक्सचा वेग लगेच जाणवण्याइतका वाढतो. डीडीआर४-३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी एवढाच रस्ता देते, दोन पट्ट्या ५१.२. कोर आणि ग्राफिक्स दोघंही त्याच रस्त्याने जातात. ही सगळी माहिती ‘मेंडोसिनो’ आणि ‘बार्सेलो’ या दोन नावांत आहे. ‘रायझन ५’ या नावात ती नाही.

म्हणूनच प्रोसेसरचं सांकेतिक नाव हे मला त्याचं खरं नाव वाटतं. विक्रीचं नाव शेवटी, जाहिरातीच्या वेळी ठरतं. सांकेतिक नाव त्याआधी काही वर्षं अभियंत्यांच्या तोंडी असतं. ड्रायव्हरमध्ये, लिनक्स कर्नलमध्ये, दोषांच्या याद्यांमध्ये तेच वापरलेलं असतं. इंटेल बहुधा गावं, नद्या, तळी यांची नावं घेते, कारण भौगोलिक नावावर कुणाला ट्रेडमार्कचा दावा सांगता येत नाही. एएमडीच्या लॅपटॉप चिप्सना बरीच वर्षं चित्रकारांची नावं होती: पिकासो, रेन्वा, सेझान, रेम्ब्रँट. एक सावधगिरी मात्र हवी. नावं फिरून येतात. १९९८ च्या इंटेल सेलेरॉन ३००एचं सांकेतिक नावही मेंडोसिनोच होतं. जुन्या मजकुरात हे नाव भेटलं तर आधी कंपनी आणि साल पाहावं.

विक्रीच्या नावाचा गोंधळ इंटेलकडेही कमी नाही. ‘आठवी पिढी’ या एका नावाखाली केबी लेक-आर, कॉफी लेक, व्हिस्की लेक, अँबर लेक आणि कॅनन लेक अशा पाच जातींचे मोबाइल प्रोसेसर विकले गेले. २०१९ च्या ‘दहाव्या पिढी’त आय५-१०३५जी१ आणि आय५-१०२१०यू शेजारी शेजारी होते. पहिला आइस लेक, १० नॅनोमीटरचा, नवा कोर. दुसरा कॉमेट लेक, १४ नॅनोमीटरचा, आणि त्याचा कोर मुळात २०१५ च्या स्कायलेकचा. आज वापरलेला लॅपटॉप घेणाऱ्याला हा फरक उपयोगी पडतो, कारण ‘दहावी पिढी’ एवढंच सांगून लॅपटॉप विकले जातात.

कमी विजेच्या प्रोसेसरची गोष्ट नीट समजायची तर १२ मार्च २००३ ला बाजारात आलेल्या बनियासपाशी जावं लागतं. हर्मोन पर्वताच्या पायथ्याशी, गोलानमध्ये, बनियास नावाचा झरा आहे. इस्रायलमधल्या हैफाच्या इंटेल केंद्रात आखलेल्या चिपला त्याचं नाव मिळालं आणि विक्रीत ती पेंटियम एम झाली. तोवर लॅपटॉपसाठी डेस्कटॉपचीच चिप, जरा कमी व्होल्टेजवर चालणारी निवडून, बसवण्याची रीत होती. बनियास पहिल्यापासून लॅपटॉपसाठी आखली गेली. १३० नॅनोमीटर, ७.७ कोटी ट्रान्झिस्टर, १ एमबी एल२ कॅश. आणि त्या कॅशचा हवा तेवढाच भाग जागा करण्याची सोय.

तिच्या डेटाशीटमधल्या दोन ओळी या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पाहाव्यात. १.६ गिगाहर्ट्‌झला व्होल्टेज १.४८४ आणि उष्णतेचं गणित २४.५ वॅटचं. ६०० मेगाहर्ट्‌झला व्होल्टेज ०.९५६ आणि ६ वॅट. ट्रान्झिस्टर उघडझाप करताना लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वारंवारतेच्या प्रमाणात असते. ०.९५६ ला १.४८४ ने भागून वर्ग केला तर साधारण ०.४१५ येतात. वारंवारतेचं गुणोत्तर ०.३७५. गुणाकार ०.१५६ च्या आसपास, म्हणजे हिशेबाने ३.८ वॅट पुरायला हवेत. इंटेलने लिहिले ६. मधल्या दोन-सव्वादोन वॅटमध्ये मोठा वाटा गळतीचा: ट्रान्झिस्टर बंद असतानाही झिरपणारी वीज, जी वेग कमी केला तरी त्या प्रमाणात कमी होत नाही. त्यानंतरची वीस वर्षं या क्षेत्रात दोनच कामं चालली आहेत असं म्हटलं तरी चालेल. व्होल्टेज खाली आणायचं, आणि न लागणारा भाग नुसता थांबवायचा नाही तर त्याची वीजच तोडायची.

बनियासनंतर दोतान, योना, मेरोम अशी रांग लागली. २००६ चा कोअर २ याच मेरोमचा. लॅपटॉपसाठी केलेली काटकसर डेस्कटॉपलाही घ्यावी लागली, पेंटियम ४ चा मार्ग सोडून.

२००८ च्या नेटबुकमधला ॲटम एन२७० म्हणजे डायमंडव्हिल. तो फक्त २.५ वॅटचा होता, पण त्याच्या शेजारचा ९४५जीएसई चिपसेट (प्रोसेसरला रॅम, पडदा यांच्याशी जोडणारी चिप) एकटाच त्याच्या दुपटीहून जास्त वीज घेई. प्रोसेसरचे वॅट म्हणजे लॅपटॉपचे वॅट नव्हेत, हे तेव्हा सगळ्यांना दिसलं. पुढे हॅसवेलमध्ये, २०१३ साली, चिपसेट प्रोसेसरच्याच पॅकेजवर, म्हणजे चिप ज्या छोट्या पाटीवर बसवतात तिच्यावर, आला. २०१४ च्या ब्रॉडवेल-वायने ४.५ वॅटपर्यंत उतरून पंख्याशिवायचे लॅपटॉप शक्य केले. पंखा नसलेल्या लॅपटॉपबद्दल आपल्याकडे एक गोष्ट लक्षात घ्यायलाच हवी. मांडीवर सोसवेल अशी वरच्या आवरणाची मर्यादा ४५ अंश धरली, तर २५ अंशाच्या खोलीत उष्णता बाहेर टाकायला २० अंशांचा फरक मिळतो. नागपुरात मे महिन्यात खोली ४० वर असली की उरतात ५. ढोबळ हिशेबाने सतत चालवता येणारी ताकद चौथाईवर येते. बर्लिन किंवा तैपेईत केलेल्या चाचणीचे आकडे तिथे लागू पडत नाहीत.

आता अलीकडच्या चिप्सकडे. १४ डिसेंबर २०२३ ला आलेला मेटिऑर लेक हा इंटेलचा तुकड्यांनी जोडलेला लॅपटॉप प्रोसेसर. कोर एका तुकड्यावर, ग्राफिक्स दुसऱ्यावर, बाकी व्यवस्था तिसऱ्यावर, बाहेरच्या जोडण्या चौथ्यावर, आणि सगळे एका पायाच्या सिलिकॉनवर बसवलेले. कल्पना अशी होती की तिसऱ्या तुकड्यातच दोन छोटे क्रेस्टमाँट कोर ठेवायचे. व्हिडिओ पाहणं, मेल येणं असली हलकी कामं त्यांनी करायची आणि कोरच्या मोठ्या तुकड्याची वीज पूर्ण तोडायची.

ती कल्पना पुरती साधली नाही. या दोन कोरांना एल३ कॅश नव्हती आणि वेग फार तर २.५ गिगाहर्ट्‌झ. ब्राउझरचं एखादं पान उघडलं तरी ते अपुरे पडत आणि विंडोजला काम मोठ्या तुकड्याकडे पाठवावं लागे. मूठभर पिठासाठी अख्खी गिरणी चालू करावी, तसं.

ल्यूनर लेकमध्ये हीच चूक दुरुस्त केलेली दिसते, आणि ती कशी केली ते पाहणं मला या सगळ्या विषयात सर्वांत आनंदाचं वाटतं. ३ सप्टेंबर २०२४ ला बर्लिनमध्ये तो जाहीर झाला; विक्रीचं नाव कोअर अल्ट्रा २००व्ही. चार मोठे लायन कोव्ह कोर, आणि कमी विजेच्या बेटावर, म्हणजे छोट्या कोरांच्या वेगळ्या गटात, दोनांऐवजी चार स्कायमाँट. स्कायमाँटना मिळून ४ एमबी एल२. शिवाय रॅमच्या वाटेवर ८ एमबीची एक सामाईक कॅश, जिच्यामुळे दर वेळी रॅमपर्यंत जावं लागत नाही. म्हणजे बेटावरचे कोर आता इतके समर्थ आहेत की रोजची बहुतेक कामं तिथेच उरकतात. हायपर-थ्रेडिंग, म्हणजे एका कोरवर दोन थ्रेड (कामांचे धागे) चालवण्याची सोय, काढून टाकलं, त्यामुळे आठ कोर म्हणजे आठच थ्रेड. रॅम थेट प्रोसेसरच्या पॅकेजवर आणली, एलपीडीडीआर५एक्स-८५३३, सेकंदाला १३६ जीबीची. रॅमपर्यंतच्या तारा इंचांवरून मिलिमीटरांवर आल्या की त्या चालवायला वीजही कमी लागते, आणि १७ वॅटच्या हिशेबात रॅमही धरलेली आहे. मुख्य तुकडा इंटेलने स्वतःच्या कारखान्यात न बनवता तैवानच्या टीएसएमसीच्या ३ नॅनोमीटर प्रक्रियेवर बनवून घेतला. आपला अभिमान बाजूला ठेवून कंपनीने घेतलेला हा निर्णय होता, आणि बॅटरीच्या आकड्यांनी तो बरोबर ठरवला.

किंमतही मोजावी लागली. रॅम ३२ जीबीच्या वर नाही आणि नंतर वाढवता येत नाही. खरेदीच्या वेळी शेवटचा अंक पाहावा: २५६व्ही म्हणजे १६ जीबी, २५८व्ही म्हणजे ३२. इंटेललाही ही रॅम बाहेरून विकत घेऊन आपल्या पॅकेजमध्ये बसवावी लागे आणि नफा आटे. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस इंटेलचे तेव्हाचे प्रमुख पॅट गेल्सिंगर यांनी हा प्रयोग पुन्हा होणार नाही असं सांगितलं.

आता याच्या शेजारी बाजारात काय आहे ते पाहा. कोअर ७ १५०यू, कोअर अल्ट्रा ७ १५५यू, कोअर अल्ट्रा ७ २५५यू, कोअर अल्ट्रा ७ २५८व्ही. पहिला रॅप्टर लेक, जुन्या घडणीचा. दुसरा मेटिऑर लेक. तिसरा ॲरो लेक-यू, ज्याची मांडणी मेटिऑर लेकचीच आहे, फक्त कोरचा तुकडा सुधारलेल्या ‘इंटेल ३’ प्रक्रियेवर. म्हणजे वर सांगितलेलं दुबळं बेट त्यातही आहे. चौथा ल्यूनर लेक. २५५यू आणि २५८व्ही यांच्यात आकड्यांचं अंतर तीन आहे, घडणीचं एका अख्ख्या पिढीचं. ‘अल्ट्रा’ शब्द आणि शेवटचं अक्षर या दोन्हींवर नजर ठेवल्याशिवाय पैसे देऊ नयेत. सगळ्यात स्वस्त गटात एन१०० आणि एन१५० असतात: अल्डर लेक-एन आणि ट्विन लेक. तिथे फरक उलट आहे. नावं दोन, पण सिलिकॉन जवळपास तेच, कमाल वेग ३.४ वरून ३.६ गिगाहर्ट्‌झ. एन१५० साठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

दुकानात खात्री करायला कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि ‘सेट प्रोसेसर’ हे दोन शब्द इंग्रजीत टाइप करून एंटर दाबा. पॉवरशेलमध्ये हे चालत नाही, कारण तिथे ‘सेट’चा अर्थ वेगळा आहे, कमांड प्रॉम्प्टच हवा. ज्या ओळी येतात त्यांतल्या एकीत फॅमिली आणि मॉडेल असे दोन आकडे असतात. इंटेलची फॅमिली ६ असते, पाहायचं ते मॉडेल. १८६ म्हणजे रॅप्टर लेक, १७० मेटिऑर लेक, १८१ ॲरो लेक-यू, १८९ ल्यूनर लेक, १९० म्हणजे एन१०० आणि एन१५० दोन्ही. एएमडीत फॅमिलीही बोलते. फॅमिली २३, मॉडेल १६० म्हणजे मेंडोसिनो. फॅमिली २५ मध्ये मॉडेल ८० असेल तर सेझान किंवा बार्सेलो, ६८ असेल तर रेम्ब्रँट, ११६ असेल तर फीनिक्स. फॅमिली २६, मॉडेल ३६ म्हणजे फीनिक्सनंतरचा स्ट्रिक्स पॉइंट. लिनक्सवर ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा हीच माहिती देते. स्टिकर बदलता येतो, विक्रीचं नावही बदलतं. हा आकडा सिलिकॉनमधून येतो.

चिप योग्य निघाली तरी काम संपलं नाही. एकाच २५८व्हीला एक कंपनी १७ वॅटवर बांधते, दुसरी तिला ३० वॅटपर्यंत जाऊ देते, आणि काही सेकंदांपुरती तर ती ३७ पर्यंत जाते. म्हणून छोट्या चाचणीचा आकडा पाहून निर्णय करू नये. सिनेबेंच २०२४ ही प्रोसेसरची चाचणी मुळातच दहा मिनिटं चालते. तिचा शेवटचा आकडा लॅपटॉपच्या हीट पाइपबद्दल आणि पंख्याबद्दलही सांगतो.

बॅटरीसाठी साधा भागाकार पुरतो. ५५ वॅट-तासांची बॅटरी आणि सरासरी खर्च ५ वॅट, तर ११ तास. खर्च ८ वॅट झाला की जेमतेम सात. यातले दोन-तीन वॅट पडद्याचेच असतात, आणि ओएलईडी असेल तर पांढऱ्या पानावर जास्त. लिनक्समध्ये बॅटरीच्या फोल्डरमधली ‘पॉवर नाऊ’ ही फाइल तत्क्षणीचा खर्च मायक्रोवॅटमध्ये देते. काही लॅपटॉपवर त्याऐवजी करंट आणि व्होल्टेज वेगळे मिळतात, त्यांचा गुणाकार करावा. चार्जर काढून, पाच मिनिटं काहीही न करता थांबून मग वाचायचं.

रिकामा बसलेला लॅपटॉप ८-९ वॅट खात असेल तर दोष बहुधा प्रोसेसरचा नसतो. आजची चिप खरी बचत करते ती सी१० या सर्वांत खोल झोपेत, आणि पूर्ण पॅकेज झोपायला त्याला जोडलेल्या प्रत्येक उपकरणाची संमती लागते. नंतर बदललेला एखादा एसएसडी, ज्याची पीसीआय एक्सप्रेसची (त्याला प्रोसेसरशी जोडणाऱ्या मार्गाची) बचत-अवस्था नीट चालत नाही. किंवा कायम खोचून ठेवलेलं यूएसबी डोंगल. एवढ्यानेही अख्खी चिप वरच्या थरात अडकून पडते. लिनक्समध्ये ‘टर्बोस्टॅट’ चालवलं की सी१० मध्ये किती टक्के वेळ गेला ते दिसतं. तिथे शून्य असेल तर एकेक उपकरण काढून पुन्हा पाहायचं, दुसरा उपाय नाही. विंडोजमध्ये ‘पॉवरसीएफजी’ला ‘स्लीपस्टडी’ जोडून चालवलं की झाकण बंद असताना कुणी जागं ठेवलं त्याची यादी मिळते. बॅगेत लॅपटॉप तापतो ही तक्रार नव्या लॅपटॉपमध्ये इतकी वाढली आहे, कारण जुनी एस३ झोप, जिच्यात रॅम सोडून जवळपास सगळं बंद होई, बहुतेकांतून गेली आणि तिच्या जागी ही सर्वसंमतीची झोप आली.

जानेवारी २०२६ मध्ये पँथर लेक कोअर अल्ट्रा सीरिज ३ या नावाने आला. कोर कुगर कोव्ह आणि डार्कमाँट, कोरचा तुकडा पुन्हा इंटेलच्याच १८ए प्रक्रियेवर, ज्यात वीज ट्रान्झिस्टरांच्या खालच्या बाजूने पुरवली जाते आणि वरच्या तारांचा थर फक्त संदेशांसाठी मोकळा राहतो. रॅम पॅकेजबाहेर गेली, चार छोट्या कोरांच्या बेटाची कल्पना मात्र ल्यूनर लेकवरून घेतली. त्याच्या नावांत ‘एक्स’ हे अक्षर मोठ्या ग्राफिक्सचं आहे. ते नसेल तर एक्सई३ या ग्राफिक्सचे बाराच्या ऐवजी बहुधा चारच कोर मिळतात. मॉडेलचा आकडा २०४.